इंजिनाची ऊब

"मोरे! कडीवरचा हात काढा! काढा म्हणते ना!"

वैद्य मॅडमचा आवाज एरवी इतका बारीक, की त्यांनी चहा मागितला तर टपरीवाला शेजारच्याला द्यायचा. पण त्या सकाळी त्या अशा काही ओरडल्या, की माझ्या कानांवरचे जाडजूड हेडफोन आणि चाळीस पावलांवर किंचाळणारं विमानाचं इंजिन, दोघांनाही ओलांडून तो आवाज थेट माझ्या मनगटावर येऊन बसला. मनगट दाराच्या लोखंडी कडीवर होतं. दारावर लाल दिवा पेटलेला. लाल दिवा म्हणजे बाहेर इंजिन चालू, आणि इंजिन चालू असेतो आतला माणूस आतच. हा नियम नव्या लोकांना मीच शिकवायचो. शिकवताना त्यात माझ्या पदरची एक हकीकत घालायचो: एका साहेबांनी असंच मध्येच दार उघडलं, तर त्यांची टोपी चांदवडच्या घाटात सापडली, आणि टोपीखाली साहेब होते.

मी हात काढला. खुर्चीत बसलो. समोरच्या पडद्यावर बाहेरचं तापमान दिसत होतं. साडेपाच अंश. आणि ते उतरत होतं.

परवा पहाटे जाग आली ती पायाच्या बोटांनी तक्रार केली म्हणून. उठून फोनवर तापमान पाहिलं आणि पाहता पाहता उजवा हात आपोआप मुठीत आवळला गेला, कडी धरल्यासारखा. किती वर्षं झाली, तरी थंडी आली की हा हात असं करतो. आमच्याकडची थंडी साधी नसते. आमच्या गल्लीतलं कुत्रं या दिवसांत भुंकायचं काम दुपारी उरकून घेतं. एकदा दाढी करायला आरशासमोर उभा राहिलो, तर आरशातला मी आधीच मफलर गुंडाळून उभा! नाशिक शहरातली मंडळी थंडीचं कौतुक करतात, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जाऊन स्वेटरचे फोटो काढतात, वाफाळत्या मिसळीसाठी रांगा लावतात. ओझर-निफाडकडचा माणूस मात्र थंडीचं नाव निघालं की बोलत नाही. तो आधी बागेकडे बघतो.

त्या हिवाळ्यात मला दोन्हींकडे बघावं लागलं, बागेकडेही आणि आकड्यांकडेही. आणि दोन्हींच्या मध्ये होती ती केबिन.

केबिन म्हणजे मालवाहू कंटेनरला भोक पाडून केलेली खोली. ओझरच्या पुढे, द्राक्षबागांच्या मधोमध एका माळावर फार पूर्वी कोणीतरी बांधलेला, इंजिनं चालवून तपासायचा उघडा टेस्ट बेड होता. काँक्रीटचा चौथरा आणि त्यावर इंजिन जखडायची लोखंडी चौकट, बाकी काही नाही. वैद्य मॅडम प्रमुख असलेल्या आमच्या चिमुकल्या लॅबने तो एका हिवाळ्यापुरता घेतला होता. इंजिनही पाहुणंच, हिवाळा सरला की परत जाणार. आमचं काम ऐकायला साधं: विमानाच्या इंजिनातून जो धूर निघतो, त्यातले कण मोजायचे. बायको विचारायची, "धूर मोजायला पगार देतात?" मी सांगायचो, "अगं, एकेक कण नाव विचारून मोजावा लागतो."

पण त्यातही आम्हाला हवे होते ते फसवे कण. काजळीचं सरळ असतं. ती इंजिनातच जन्मते, काळी जन्मते, काळीच बाहेर येते. काही कण मात्र इंजिनात नसतातच. तेलाची, अर्धवट जळलेल्या इंधनाची, गंधकाची वाफ त्या तापलेल्या वायूत लपून बाहेर येते, मागे थंड हवा भेटली की दचकते आणि तिचे बारीक थेंब होतात. आत शोधायला जा, काही सापडणार नाही. मागे वीस पावलांवर जाऊन बघा, कोट्यवधी. हवा जितकी गार, तितके जास्त. म्हणून आम्हाला पहाटेनंतरची ती दात वाजवणारी वेळ लागायची, सूर्य वर यायच्या आतली.

ते मोजायची रीतही अजब. इंजिनामागे खांबावर एक नळी, तिथून हवा ओढून केबिनमध्ये आणायची. आत तिचे दोन वाटे. एक वाटा तसाच थंड जाऊ द्यायचा. दुसरा अशा तापलेल्या नळीतून न्यायचा, की उडून जाणारे सगळे कण उडून जावेत आणि अस्सल काजळी तेवढी उरावी. मग दोन यंत्रं दोन्हीकडचे कण मोजणार. कण इतके बारीक की प्रकाशालाही दिसत नाहीत, म्हणून यंत्र त्यांना आधी अल्कोहोलच्या वाफेत बुडवतं, ते पिऊन टरारून फुगले की मोजतं. थंड बाजूच्या आकड्यातून गरम बाजूचा आकडा वजा केला की उरतात ते उडणारे. सोपं आहे. मी तर म्हणायचो, ही नळी निवडणुकीच्या सभेत लावा.

आणि मॅडम एकदा, डबा खाता खाता, मान वर न करता म्हणाल्या होत्या, "मोरे, तुम्ही तिच्यासमोर फार वेळ बोलू नका. गरम बाजूला काहीच उरणार नाही."

हसलो तेव्हा. खूप हसलो. पण ते वाक्य मला चिकटलं. माझ्याही गोष्टी तोंडात असेपर्यंत निव्वळ वाफ असतात, देवाशप्पथ. समोर ऐकणारा आला, त्याचे डोळे जरा मोठे झाले, की त्यांचे थेंब होतात. मग मला स्वतःलाच त्या खऱ्या वाटायला लागतात आणि त्यांतून बाहेर पडायचं दार मला सापडत नाही.

केबिनचा वास अजून नाकात आहे. त्या अल्कोहोलचा, म्हणजे पिकून काळ्या पडलेल्या केळ्यात कोणी मार्कर पेन बुडवावं तसा. त्यात तापलेल्या नळीचा वास, आमच्या दोघांच्या लोकरीचा, आणि मॅडमच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीचा. खिडकी नाही. फोन फाटकापाशी पत्र्याच्या पेटीत जमा करायचे. एकदा लाल दिवा लागला की दीड-दोन तास जगाशी संबंध एवढाच: पडद्यावरचे आकडे, आणि हेडफोनमधून अन्सारीभाई. अन्सारीभाई मालेगावचे. दूरच्या कंट्रोल रूममध्ये बसून तेच इंजिन चालवायचे. लहानपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्यामुळे, त्यांचं म्हणणं, शांतता झाली की त्यांना झोप येत नाही. इंजिन पूर्ण ताकदीवर गेलं की केबिनमधली पाण्याची बाटली टेबलावरून चालत निघायची. हे खरं आहे. दारापर्यंत जाऊन ती कडी वाजवायची, हे मी नंतर घातलं.

आम्हाला अशा तीनच सकाळी मिळणार होत्या. पहिली सकाळ वाऱ्याने खाल्ली. दुसरी खाल्ली धुराने.

धूर शेकोट्यांचा. पारा फार उतरला की द्राक्षाचे मणी तडकतात. विशेषतः मण्यांत पाणी उतरलेलं असताना, म्हणजे ते रसाने भरत असताना. म्हणून बागवाले ओळीओळींच्या टोकाला शेकोट्या रचून ठेवतात आणि पहाटे उठून, गारठा टोकाला आला की पेटवतात. छाटणीच्या काड्या, उसाचं पाचट, थोडा ओला पालापाचोळा. जाळ कमी, धूर जास्त. तो धूर गोधडीसारखा बागेवर पसरतो आणि गारठा वरच्या वर थांबतो. आता गंमत बघा. जी सकाळ आम्हाला मोजायला हवी, तीच सकाळ बागेला जाळायला हवी. अंशाचाही फरक नाही. आणि आमच्या माळाला लागून, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जो प्लॉट होता, तो नामदेवमामांचा. म्हणजे माझ्या सासऱ्यांचा.

"तुमचेच मामा आहेत ना?" मॅडम म्हणाल्या. "एक सकाळ मागा. एकच. नाही म्हणाले तर नाही. पण स्पष्ट विचारा."

मी गेलो. संध्याकाळ होती. मामा पडवीत कात्रीला धार लावत बसलेले. सासूबाईंनी शेंगोळ्यांचं ताट वाढलं, वर तेलाची धार, बाजूला बाजरीची भाकरी. बागेतून गंधकाच्या भुकटीचा तो पिवळा वास येत होता. मामा कमी बोलतात. इतके कमी, की लग्नाच्या बोलणीत त्यांनी फक्त मान हलवली आणि तेवढ्यावर आमचं लग्न लागलं. तो प्लॉट नवा होता. तीन वर्षं वेली बाळासारख्या वाढवल्या, आणि हा पहिला माल. शेंगोळं तोंडात, आणि या माणसाला मी सांगणार, की उद्या पहाटे माझ्या आकड्यांसाठी तुमची बाग उघडी ठेवा? जावई म्हणून नाही सांगता आलं. माणूस म्हणूनही नाही.

मग मी तेच केलं जे मला येतं.

"मामा, उद्या शेकोटीच्या भानगडीत पडूच नका."

"का हो?"

"गरजच नाही! आमचं इंजिन चालू होणार. मागून जी ऊब निघते ती काय थोडीथोडकी? अख्ख्या शिवाराला पुरते. तिकडे परदेशात तर द्राक्षवाले मुद्दाम विमानतळाला लागून बागा लावतात."

"मुद्दाम?"

"जागेवरून भांडणं होतात!"

मामांनी कात्रीचं पातं अंगठ्यावर तपासलं. "आन् आवाज?"

"आवाजाने मणी फुगतो मामा. थरथर बसते ना, पाणी भराभर वर चढतं."

"बरं," मामा म्हणाले, आणि कात्री कोनाड्यात ठेवली.

त्या एका "बरं"वर मी मोटारसायकलला किक मारली. मॅडमना फोनवर सांगितलं, झालं काम. आणि रस्त्यात, दहावा मैल म्हणतात त्या फाट्याच्या अलीकडे आठवलं, की इंजिनाचं मागचं तोंड मामांच्या बागेकडे नाही. ऊब जाते ती उलटीकडे, मोकळ्या माळावर, टिटव्यांना. तरी गाडी मागे वळवली नाही.

तर तिसऱ्या सकाळी मी असा आत बसलो होतो. सहा. साडेपाच. पडद्यावरचे कणांचे आकडे इतके देखणे, की मॅडम त्यांच्याकडे नातवाकडे बघावं तशा बघत होत्या. वारा मंद, हवा स्वच्छ, आकड्यांत कुठे धुराची रेघ नाही. प्रत्येक स्वच्छ आकडा मला सांगत होता, की मामांनी शेकोटी पेटवलेली नाही. मामांनी माझं ऐकलंय. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं तंतोतंत ऐकलं होतं, आणि तेही नेमकं हे. तेव्हाच मी उठून कडीला हात घातला, आणि मॅडम ओरडल्या.

माणूस कोंडलेला असला की त्याला भिंती दिसतात असं म्हणतात. मला बाग दिसत होती. घडांवर चढवलेल्या कागदी पिशव्या, त्यांच्या आत गार पडत चाललेले मणी. तडकताना आवाज होतो का? मला कधी ऐकू आला नाही, पण त्या केबिनमध्ये, त्या गोंगाटात, मला एकेक मणी तडकलेला ऐकू येत होता. मामा पडवीत घोंगडी पांघरून बसलेत, इंजिनाचा आवाज ऐकतायत आणि उबेची वाट बघतायत, असंही दिसलं. ते जास्त वाईट होतं.

साडेचार.

"मॅडम, इंजिन थांबवा."

"काय?"

"मामांची बाग जाईल. मी त्यांना सांगितलंय शेकोटी लागणार नाही. इंजिनाच्या उबेने बाग तापते म्हणून."

मॅडमनी चष्मा वर केला. "असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच."

"तुम्हाला?"

"मामांना. मीच सांगितलं. विचारलं नाही त्यांना मी. थाप मारली."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ती नजर मी ओळखतो. माझ्या प्रत्येक गोष्टीनंतर समोरचा माणूस आतल्या आत वजाबाकी करतो, ती. "मोरे, इंजिनाच्या चालीच्या तीन पायऱ्या झाल्यात. ही चौथी, सगळ्यात मंद चालीची. हे कण मंद चालीतच सगळ्यात जास्त निघतात, आपण सगळा हिवाळा त्यासाठी काढलाय. अकरा मिनिटं. यातलं खरं किती आहे?"

"सगळं."

"मोरे."

"सगळं, मॅडम!"

हेडफोनमध्ये अन्सारीभाई खाकरले. "मॅडमजी, आज ये झूठ नहीं बोल रहा. झूठ बोलते वक्त इसका आवाज लय खूश असतो."

टेबलाच्या कडेला तांबडं बटण होतं, प्लास्टिकच्या झाकणाखाली. ते दाबलं की इंजिन बंद. पुन्हा चालू करून स्थिर व्हायला तास, तोवर ऊन वर, आणि पुढच्या आठवड्यात इंजिन परत. मी झाकण उचललं. मॅडमनी मला अडवलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण ही गोष्ट सांगताना मी बऱ्याचदा त्यांना माझ्या हातावर झडप घालायला लावतो. त्या फक्त बघत होत्या. त्यांचा स्वतःचा हात घड्याळावर होता, पट्टा उगाच फिरवत.

माझं बोट बटणावर असताना थंड बाजूचा आकडा उडाला. दुप्पट. तिप्पट.

"आले!" मॅडम उठल्याच. "मंद चालीत आले बघा!"

मग गरम बाजूचा आकडाही चढू लागला.

मॅडम परत खाली बसल्या. उडणारे कण असते तर तापल्या नळीत उडून गेले असते. हे जात नव्हते. ही काजळी होती, आणि इंजिनाच्या काजळीचा आकडा तर या पायरीत जराही हललेला नव्हता. ही बाहेरची होती. पुढच्या मिनिटाला केबिनच्या पंख्यातून वास आत आला. ओलं पाचट. छाटणीच्या काड्या. माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्याही अत्तराने मला इतकं रडवलेलं नाही. मी बटणावरचं बोट काढलं, झाकण खाली केलं आणि टेबलावर डोकं टेकून हसत सुटलो. हेडफोनमधून अन्सारीभाई विचारत होते, "क्या हुआ? अरे बोलो ना, क्या हुआ?"

हसू ओसरल्यावर आगाऊपणा लगेच परत आला. "मॅडम, तसंच लिहू या ना. गारठा वाढला, कण वाढले. कोण बघतंय?"

"आणि गरम बाजू? तिलाही गारठा बाधला म्हणून लिहू?" त्यांनी पेन काढलं. तक्त्यात चौथ्या पायरीचा चौकोन होता. त्यावर पेनाचं टोक जरा वेळ तसंच ठेवून मग त्यांनी समासात लिहिलं, की बाहेरच्या धुरामुळे नोंद धरलेली नाही. चौकोन रिकामाच राहिला. आमच्या अहवालात तो आजही रिकामा आहे. पुढे मॅडम पुण्याला गेल्या, मी या लॅबमधून त्या लॅबमध्ये गेलो, पण थंडी पडली की मला तो चौकोन आठवतो. अख्ख्या अहवालात त्याच एका जागी मामांची बाग आहे.

लाल दिवा विझायला आणखी वीस मिनिटं लागली, इंजिन एकदम थांबवत नाहीत. त्या वीस मिनिटांत मॅडमनी डबा उघडला, अर्धी पोळी मला दिली आणि म्हणाल्या, "आधी विचारलं असतंत, तर कदाचित नाही म्हणाले असते. मग आपण दुसरी जागा बघितली असती." एवढंच. मी पोळी चावत राहिलो. ती गिळायला मला जितका वेळ लागला तितक्यात एखादं विमान दिल्लीला पोचलं असतं.

दिवा विझला आणि मी धावलो. फाटकापाशी फोनसुद्धा घेतला नाही. बांधावरून, ठिबकच्या नळ्यांवरून उड्या टाकत. बागेवर धूर असा दाट बसला होता, की घड दिसत नव्हते, पानांच्या फक्त कडा. ओळीच्या टोकाला शेकोटी, पुढच्या ओळीच्या टोकाला शेकोटी, त्याच्याही पुढे, आणि मध्येमध्येही. इतक्या शेकोट्या मी त्या बागेत कधी पाहिल्या नव्हत्या. मामा एका विझत आलेल्या ढिगापाशी उकिडवे बसले होते, चेहरा काळा, डोळे लाल, हातात जर्मनचा पेला. जवळच्या घडाची पिशवी मी उचलून पाहिली. मणी हिरवे, टणक, अख्खे. दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. मग तिथेच मातीत बसलो.

मामांनी पेला पुढे केला. चहा कोमट होता.

दोन घोट घेऊन मी विचारलं, "मामा, मी तर सांगून गेलो होतो शेकोटी लागणार नाही. तरी एवढ्या?"

मामा काटकीने निखारे सारखे करत म्हणाले, "तुम्ही सांगितलं ना पाव्हणं, म्हून तर दुप्पट रचल्या."